यूएसबी वायफाय अडॅप्टर आणि अँटेना

यूएसबी वायफाय अडॅप्टर म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टात खोचायचा एक छोटा रेडिओ. आपल्याकडे त्याला सरसकट डोंगल म्हणतात, सिमकार्ड घालायचं ते पण डोंगल आणि हे पण डोंगल, त्यामुळे दुकानात जाऊन नुसतं डोंगल द्या म्हटलं की हमखास भलतंच हातात पडतं. हा रेडिओ राउटरचं ऐकतो आणि त्याला उलट उत्तरही देतो. ही उत्तर द्यायची बाजू विसरली की खरेदी चुकते. लोक डोंगल घेतात कारण डेस्कटॉपमध्ये वायफायच नसतं, किंवा लॅपटॉपमधलं कार्ड मेलेलं असतं, नाहीतर हॉलमधल्या राउटरची रेंज आतल्या बेडरूमपर्यंत पोचत नाही. पहिल्या दोन कारणांसाठी कुठलंही बरं डोंगल चालतं, फार डोकं लावू नये. ही नोंद तिसऱ्या भानगडीबद्दल आहे, आणि त्यात आधी डोंगलची जागा बघायची, मग अँटेना, आणि पॉवर सगळ्यात शेवटी. जाहिराती नेमक्या उलट्या क्रमाने चालतात.

भिंतींचं काय

ठाण्यात घोडबंदर रोड, कोलशेत वगैरे भागात जे नवे टॉवर उभे राहिलेत त्यातले बरेच मायवन पद्धतीने बांधलेत, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. काम पटापट होतं, भिंत सरळ येते, पण हॉल आणि बेडरूमच्या मधली भिंतसुद्धा सळ्या घातलेली काँक्रीटची होते. विटेच्या साध्या पार्टिशनमध्ये सिग्नल थोडासा मरतो, काँक्रीटमध्ये त्याच्या कितीतरी पट, आणि वायफायचे जे दोन पट्टे म्हणजे बँड असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, त्यातल्या ५ चा तर २.४ पेक्षा जास्तच मरतो. वाशी-नेरूळच्या जुन्या बिल्डिंगांमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा विटांच्या असतात, तिथे एका राउटरवर अख्खं टू बीएचके निघतं आणि तेच कुटुंब नवीन टॉवरमध्ये राहायला गेलं की पहिल्या आठवड्यात नेटवाल्याला शिव्या घालायला लागतं. त्यात लोखंडी कपाट, आरसा, खिडकीचं बॉक्स ग्रिल आणि काचेवरची धातूची फिल्म, हे सगळे सिग्नलचे शत्रू. पाऊस मात्र नाही, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर पावसाच्या थेंबांनी घरगुती अंतरात काही फरक पडत नाही, ओली झाडं मधे आली तर पडतो.

मोजायचं कसं

स्क्रीनवरच्या सिग्नलच्या दांड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो, उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल निवांत चालतो, उणे ८० ला कुरकुर सुरू आणि उणे ९० म्हणजे नसल्यातच जमा. ३ डीबीचा फरक म्हणजे ताकद दुप्पट किंवा निम्मी, १० डीबी म्हणजे दहापट. विंडोज टक्क्यांत दाखवतं, पण त्याचा हिशोब सरळ आहे, टक्के निम्मे करायचे आणि त्यातून १०० वजा करायचे, म्हणजे ६० टक्के असेल तर उणे ७०. काही डोंगलचे ड्रायव्हर आकडा फुगवून सांगतात, त्यामुळे दोन वेगळ्या डोंगलची तुलना टक्क्यांवर करण्यापेक्षा एकच डोंगल दोन जागी ठेवून बघणं जास्त खरं.

मानपाड्याला मावशीच्या घरी हेच केलं होतं. मावसभावाचं डोंगल सीपीयूच्या मागे, टेबलाखाली, लोखंडी कपाटाला जवळजवळ चिकटून, आणि बाजूच्याच निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या, पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क. ४२ टक्के, म्हणजे उणे ७९. पठ्ठ्याने ऑनलाइन एक मोठी अँटेना कार्टमध्ये टाकून ठेवली होती. दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावली, डोंगल पडद्याच्या रॉडला कपड्यांच्या चिमट्याने अडकवलं, अशा बेताने की उघड्या दारातून पॅसेजचा तुकडा दिसेल. ७० टक्के, उणे ६५. चौदा डीबी, म्हणजे पंचवीसपट, आणि अँटेनाला हातही लावला नव्हता. मावशी म्हणाली, "एवढ्याचसाठी हा दोन हजार घालवणार होता होय रे?"

टक्क्यांत दिसत नाही, पण स्पीडच्या बाबतीत त्या हार्ड डिस्कचाही गुन्हा असणार. यूएसबी ३.० चं जे वेगवान काम चालतं त्याची खरखर नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडते, इंटेलने २०१२ मध्ये याच्यावर सविस्तर पेपर काढलाय. दांड्या चांगल्या दिसतात पण स्पीड रडतो, कारण सिग्नल आहे आणि त्याच्यावर गोंगाटही आहे. उपाय म्हणजे डोंगल पुढच्या पोर्टात किंवा केबलवर लांब न्यायचं, किंवा सरळ ५ गिगाहर्ट्झवर जायचं.

वायर लांब करायची ती यूएसबीची

नव्याने या नादाला लागलेला माणूस डोंगल आहे तिथेच ठेवतो आणि अँटेनाची वायर वाढवतो. तिथेच तो फसतो. अँटेनाच्या वायरमधून रेडिओचा सिग्नल जातो आणि तो वाटेत झिजतो, बारीक आरजी-१७४ वायरमध्ये २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे साधारण २ डीबी किंवा वर, आरजी-५८ मध्ये साधारण १ डीबी, आणि जाडजूड एलएमआर-४०० मध्ये पाव डीबीहूनही कमी, पण ती वळत नाही आणि महागही आहे. म्हणजे ५ डीबीआयची (हा अँटेनाच्या फायद्याचा आकडा, पुढे येतोच) अँटेना तीन मीटर बारीक वायरवर लावली की सगळी कमाई वायरनेच खाल्ली. यूएसबी केबलमधून मात्र आकडे जातात, ते एकतर पूर्ण पोचतात नाहीतर पोचतच नाहीत. यूएसबी २.० ला ५ मीटरची मर्यादा आहे, त्याच्या पुढे मधे चिप असलेली अ‍ॅक्टिव्ह केबल लागते. ३.० ला दोन-तीन मीटरच्या पुढे रिस्क घेऊ नये. केबल स्वस्तातली नको, आतली तांब्याची तार बारीक असेल तर व्होल्टेज पडतं आणि डोंगल मधूनमधून गायब होतं, मग लोक ड्रायव्हर बदलत बसतात. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० चा ९००, जास्त पॉवरच्या डोंगलला पहिला पुरत नाही.

अँटेना

अँटेना ताकद निर्माण करत नाही, आहे ती एकीकडे वळवते. डीबीआय हा त्या वळवण्याचा आकडा. डोंगलसोबत येणारी छोटी काळी दांडी २ ते ५ डीबीआयची असते आणि तिचा सिग्नल दांडीभोवती मेदूवड्यासारखा पसरतो, दांडी भोकातून उभी गेली असं समजायचं, टोकाच्या दिशेला म्हणजे बरोब्बर वर आणि खाली जवळपास काही नाही. मोठी ८-९ डीबीआयची दांडी घेतली तर त्याच वड्याचं थालीपीठ होतं, पसरतं लांब पण चपटं. एकाच मजल्यावर लांबची खोली असेल तर उत्तम, पण राउटर खालच्या मजल्यावर असलेल्या डुप्लेक्सवाल्याने किंवा रो-हाउसवाल्याने हीच दांडी उभी लावली तर रेंज आधीपेक्षा कमी होऊ शकते, आणि मग तो म्हणतो की कंपनीने फसवलं. दांडी आडवी करून बघायची. राउटरच्या दांड्या उभ्या तर आपलीही उभी, हा साधा नियम पोलरायझेशनचा, म्हणजे लाट उभी हलते की आडवी याचा, पण घरात सिग्नल भिंतींवर आपटून वाकडातिकडा होऊन येतो म्हणून थोडं फिरवून बघितलेलं बरं.

आकड्यावरून आठवलं, २.४ गिगाहर्ट्झची लाट साडेबारा सेंटीमीटरची असते, त्यामुळे फायदा हवा तर लांबी लागतेच, खरी ९ डीबीआयची दांडी ३५-४० सेंटीमीटर भरते. बोटभर दांडीवर १० डीबीआय छापलं असेल तर हसून पुढे जायचं.

राउटर कुठल्या दिशेला आहे हे पक्कं माहीत असेल तर एकाच दिशेला बघणारी अँटेना घ्यायची, चपटी पॅनल किंवा आडव्या काड्यांची यागी. यागीचं पूर्ण नाव यागी-उदा, जपानमधल्या तोहोकु विद्यापीठातल्या शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांची १९२६ ची करामत, गच्चीवरच्या जुन्या टीव्ही अँटेना म्हणजे हीच. दिशा देणाऱ्या अँटेनाचा दुसरा फायदा कोणी बोलत नाही, तो म्हणजे बाकीच्या दिशांचा कालवा ती ऐकत नाही. घणसोली-कोपरखैरणेला दाटीवाटीत खिडकीपाशी बसून वायफाय स्कॅन केलं तर शेजारपाजारच्या राउटरांची रांगच लागते आणि सगळे १, ६, ११ या तीन चॅनलवर कोंबलेले, तिथे हा फायदा सिग्नलच्या फायद्याहून मोठा असतो.

पिनचा घोळ. डोंगलवर जो पितळी आटा असतो तो बहुतेक आरपी-एसएमए जातीचा कनेक्टर असतो, बाहेरून आटे आणि मधे पिन. ४जी राउटरच्या अँटेना साध्या एसएमए कनेक्टरच्या, त्यांच्यातही मधे पिन. आटे एकदम मस्त बसतात आणि आत पिनेवर पिन आपटते. मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून अशी एक अँटेना आणली होती, दुकानदार म्हणाला सगळं सेम असतं, ठाण्याला घरी येऊन आवळली तर सिग्नल आहे त्यापेक्षा कमी. भोकवाली अँटेना मागायची, एवढं सांगितलं तरी पुरतं, किंवा डोंगलच खिशात घालून न्यायचं.

आतली चिप

डब्यावरचं नाव कमी महत्त्वाचं, चिप जास्त. विंडोजवाल्याला फारसा फरक पडत नाही, लिनक्सवाल्याची मात्र झोप उडते. जुनी अथेरॉस एआर९२७१ फक्त २.४ वर चालते, वेग आजच्या मानाने कमी, पण ऐकायला तिखट आणि लिनक्समध्ये लावली की चालू. मीडियाटेकची एमटी७६१२यू दोन्ही बँडची आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे, मला विचाराल तर पैसे वसूल. रिअलटेकची आरटीएल८८१२एयू खूप डोंगलमध्ये सापडते, विंडोजवर ठीक, लिनक्सवर मात्र २०२५ मध्ये कर्नलमध्ये ड्रायव्हर येईपर्यंत वर्षानुवर्षं लोकांनी तो बाहेरून आणून बसवला आणि कर्नल अपडेट झालं की परत तेच. आणखी एक खोड म्हणजे मॉडेल तेच ठेवून आतली चिप बदलणं. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या व्हर्जनमध्ये अथेरॉस होती, दुसऱ्यापासून रिअलटेक आली, म्हणून ते पहिलं व्हर्जन लोक अजून सेकंडहँडमध्ये शोधतात.

डब्यावरचे एसी६००, एसी१२०० हे आकडे म्हणजे दोन्ही बँडच्या एमबीपीएसमधल्या वेगांची बेरीज, १५० अधिक ४३३ किंवा ३०० अधिक ८६७, एका वेळी तुम्ही एकाच बँडवर असता. एसी१२०० मध्ये दोन अँटेना असतात आणि दोन कानांनी ऐकल्याचा फायदा काँक्रीटच्या घरात खरोखर जाणवतो, फक्त ते यूएसबी ३.० वर लावायचं, २.० चा कागदावरचाच वेग ४८० आहे. नखाएवढं नॅनो डोंगल रेंजसाठी घेऊच नये. राउटर १२ किंवा १३ चॅनलवर असेल आणि डोंगल अमेरिकन सेटिंगचं असेल तर त्याला ते नेटवर्क दिसतच नाही, कारण तिकडे ११ पर्यंतच वापरतात. राउटर ११ वर आणला की भूत उतरतं.

पॉवर आणि नियम

दोन वॉट, पाच किलोमीटर रेंज वगैरे लिहिलेली डोंगलं येतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून लायसन्सशिवाय वापरता येतो, पण ट्रान्समीटर १ वॉटपर्यंत आणि अँटेना धरून एकूण ४ वॉट ईआयआरपीपर्यंतच (ईआयआरपी म्हणजे अँटेनाने एका दिशेला वळवल्यावर त्या दिशेला भासणारी ताकद). १ वॉट आणि ६ डीबीआय झाले की हद्द आली, त्याच्यावर मोठी अँटेना लावायची तर पॉवर कमी करावी लागते. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ मध्ये आणखी मोकळे केले, आणि विकायच्या उपकरणाला डब्ल्यूपीसी या सरकारच्या वायरलेस खात्याची ईटीए नावाची मंजुरी लागते. नियम बाजूला ठेवले तरी, आपण कितीही ओरडलो म्हणून समोरच्याचं आपल्याला जास्त ऐकू येत नाही. अँटेना बोलायला आणि ऐकायला दोन्हीकडे मदत करते, पॉवर फक्त बोलायला, आणि आपण तर बहुतेक वेळ ऐकतच असतो.

कढईचा जुगाड

केबलवर लटकणारं डोंगल धातूच्या खोलगट भांड्यासमोर धरलं की भांडं आरशासारखं काम करतं. परदेशात याला वॉकफाय म्हणतात, आपल्याकडे कढई किंवा पिठाची तारेची चाळण घ्यायची. भोकं लाटेच्या दहाव्या भागाहून, म्हणजे सव्वा सेंटीमीटरहून लहान असली की सिग्नलच्या दृष्टीने ती भिंतच, त्यामुळे चाळण चालते आणि वजनाला हलकी. डोंगल कुठे धरायचं याचा हिशोब असा: तोंडाच्या रुंदीचा वर्ग भागिले सोळा पट खोली. ३२ सेंटीमीटर रुंद, ८ खोल असेल तर तळापासून ८ सेंटीमीटरवर, म्हणजे बरोबर काठाच्या पातळीत. कढई काही खरी पॅराबोला नसते म्हणून दोन-तीन सेंटीमीटर मागेपुढे करून टक्के बघायचे. नीट जमली तर १० डीबीच्या आसपास मिळतात. प्लॅस्टिकची चाळण मात्र नको, तिच्यातून सिग्नल आरपार जातो.

खिडकीत किंवा ग्रिलबाहेर ठेवायचं असेल तर याच कारणाने प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा, स्टीलचा नाही, केबल खालून आत घ्यायची आणि डब्याच्या आधी तिला एक झोळ द्यायचा म्हणजे जूनमधलं पाणी वायरवरून ओघळून झोळाच्या तळाशी गळतं, डब्यात शिरत नाही. खाडीकाठी, ऐरोली-वाशीकडे, हवेत मीठ असल्याने बाहेरच्या कनेक्टरवर हिरवट थर धरतो, दिवाळीत साफसफाई करताना तोही काढून बघायचा.