एनके सेलची टेस्ट: ४ तास आणि एक वजाबाकी

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एका लॅबची जाहिरात फिरत होती, 'इम्युनिटी मोजा, एनके सेल ॲक्टिव्हिटी टेस्ट', आणि खाली लगेच तिघांनी विचारलं, उपाशीपोटी यायचं का?

रक्तातल्या लिम्फोसाइट ह्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ५ ते १५ टक्के पेशी नॅचरल किलर, म्हणजे एनके. काम लोकलमधल्या टीसीचं. शरीरातल्या बहुतेक पेशींच्या अंगावर एमएचसी-१ नावाचा पास असतो, तो दिसला नाही की ह्यांचा संशय बळावतो, मग परफोरिन ह्या प्रथिनाने भोकं पाडून आत ग्रॅन्झाइम, म्हणजे पेशी मारणारी एन्झाइम, सोडतात.

पण टीसी किती आहेत ते मोजून काय कळणार, ते तिकिटं बघतायत की कँटीनला बसलेत? म्हणून त्यांच्यापुढे के५६२ ठेवतात, ल्युकेमियाच्या एका पेशंटपासून लॅबमध्ये वाढवत आणलेल्या, जवळजवळ बिनपासाच्या पेशी. त्यांच्यात आधी किरणोत्सारी क्रोमियम-५१ भरायचं, पेशी फुटली की ते बाहेर येतं. मग पेशंटच्या ५० पेशींना १ के५६२, २५ला १ अशा मिसळून ३७ डिग्रीला ४ तास ठेवायच्या आणि वरच्या पाण्यातलं क्रोमियम मोजायचं.

खरी मजा पुढे आहे. थोड्या के५६२ कुणी हात न लावताही गळतात, म्हणून एका खळग्यात नुसत्या के५६२ आणि एकात डिटर्जंटने सगळ्याच फोडलेल्या. समजा नुसत्यांचे काउंट २००, फोडलेल्यांचे २०००, आपल्या नमुन्याचे ९२०. मग ९२० वजा २०० म्हणजे ७२०, भागिले २००० वजा २००, म्हणजे १८००, आले ४० टक्के. आता हे ४० टक्के ५०ला १ वर की २५ला १ वर, हे रिपोर्टात नसेल तर त्या आकड्याला अर्थच नाही! हल्ली बऱ्याच ठिकाणी क्रोमियमऐवजी फ्लो सायटोमीटर ह्या पेशी एकेक तपासणाऱ्या यंत्रावर सीडी१०७ए, म्हणजे एनके पेशीने हत्यार सोडल्याची तिच्या अंगावरची खूण, बघतात, पण समोर के५६२च.

टेस्ट फालतू अजिबात नाही. ताप उतरत नाही, प्लीहा वाढलीय अशा बाळात एचएलएचचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच बेलगाम होण्याच्या जीवघेण्या आजाराचा, संशय आला तर निदानाच्या २००४च्या यादीत ८ निकषांपैकी ५ लागायचे, त्यातला एक हाच होता. धडधाकट माणसात मात्र तोच आकडा व्यायाम, ताण, सर्दी ह्यानेही हलतो, त्यावरून कुणाची 'इम्युनिटी' ठरवणं म्हणजे हात बघून भविष्य सांगणंच.

त्यात नमुना ताजा हवा, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये, रूम टेम्परेचरला. मी लॅबमध्ये होतो तेव्हा विरारहून एक ट्यूब आली, कुणीतरी काळजीने बर्फात घालून पाठवलेली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. हाताला गारेगार. टाकून द्यावी लागली, आणि बाळाचं रक्त परत काढायला सांगणारा फोन मलाच करायला लावला.

म्हणून ग्रुपवर लिहिलं, उपाशीपोटीचं सोडा, ट्यूब किती तासांत आणि कुठे पोचणार ते विचारा. उत्तर म्हणून एकाने गुळवेलीच्या काढ्याचा फोटो टाकलाय.