घरबसल्या लिलाव: हा धंदा आला कुठून?

'घर' आणि 'लिलाव' हे शब्द मराठीत एकत्र आले की पूर्वी पोटात गोळा यायचा. घराचा लिलाव निघाला म्हणजे जप्ती आली, दारावर नोटीस चिकटली, शेजारी पडद्याआडून बघू लागले. आता घरबसल्या लिलाव म्हटलं की वेगळं चित्र दिसतं: माळ्यावरून उतरवलेली जुनी घड्याळं, नाणी, पोस्टाची तिकिटं, चिकटपट्टीने आवळलेली पुडकी आणि पोस्टाच्या खिडकीवरची रांग. हा पालट गेल्या तीस वर्षांतला.

शब्द मात्र जुना. लिलाव आपल्याकडे पोर्तुगिजांच्या 'लेलांव'मधून आला. विदर्भ-मराठवाड्यात हर्रास म्हणतात, गोव्यात जत्रेतल्या दुकानांच्या जागांची पावणी होते. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरभोवती व्यापाऱ्यांचा घोळका सरकत जातो आणि एकेका वाहनाचा भाव बघता बघता ठरतो. सत्यनारायणाच्या पूजेनंतर मंडळात नारळाची बोली लागते, तीही याच घराण्यातली. या सगळ्यांत एक गोष्ट समान. माल समोर असतो आणि माणसंही समोर असतात. कांदा हातात घेऊन दाबून बघता येतो. नारळाची बोली लावून पैसे न देणारा गावात तोंड कसं दाखवणार? फसवायचंच झालं तर फसवणाऱ्याला पुढच्या वर्षीही तिथेच यायचं असतं.

समोरासमोर असण्याचा हा आधार काढून घेतल्यावर लिलाव चालतो का, हा प्रश्न एका माणसाने जवळजवळ गंमत म्हणून सोडवायला घेतला.

सप्टेंबर १९९५. अमेरिकेत लेबर डेची जोडून सुट्टी होती. पॅरिसमध्ये इराणी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला २८ वर्षांचा प्रोग्रामर पिअर ओमिड्यार कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या घरी बसून एक साधं संकेतस्थळ लिहीत होता. दिवसा तो जनरल मॅजिक नावाच्या कंपनीत नोकरी करायचा. त्याच्या वैयक्तिक पत्त्यावर आधीपासून इतर पानं होती, त्यांतलं एक तर इबोला विषाणूच्या माहितीचं. त्यांच्या शेजारी हा 'ऑक्शनवेब' जाऊन बसला. संकेतस्थळाच्या पत्त्यासाठी इकोबे हे नाव त्याला हवं होतं, पण तो पत्ता एका खाणकंपनीने आधीच घेतला होता, म्हणून आखडून 'ईबे' झालं. सुरुवातीला विकलेल्या वस्तूंत त्याचा स्वतःचा बिघडलेला लेझर पॉइंटर होता. गेला १४ डॉलर ८३ सेंटला. वर्णनात 'बिघडलेला' असं स्पष्ट लिहिलं होतं, तरीही घेणारा भेटला.

मैत्रिणीला पेझ गोळ्यांच्या डब्या जमवायचा नाद होता, तिच्यासाठी त्याने हे संकेतस्थळ काढलं, ही गोष्ट पुढे वर्तमानपत्रांतून खूप फिरली. ती १९९७ मध्ये कंपनीच्या जनसंपर्क विभागात रचली गेली होती. बिघडलेल्या पॉइंटरपेक्षा प्रेमकथा छापून यायला सोपी. मला मात्र पॉइंटरची गोष्टच जास्त बोलकी वाटते. या धंद्याची गोम तिच्यात आहे: जिची किंमत विकणाऱ्यालाच सांगता येत नाही अशी वस्तू, आणि ती हवी असलेला, दूर कुठेतरी बसलेला एकच माणूस.

सुरुवातीला सगळं फुकट होतं. गर्दी वाढली तेव्हा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने महिन्याला २५० डॉलर मागितले, म्हणून ओमिड्यारने विक्रीवर छोटं कमिशन लावलं. वसुलीची यंत्रणा म्हणावी तर विक्रेत्याचा प्रामाणिकपणा. पाकिटं घरी येऊ लागली. कुणी चेक पाठवी, कुणी पुठ्ठ्याच्या कार्डावर सुटी नाणी चिकटवून. पाकिटांचा ढीग उघडायला माणूस ठेवावा लागला, आणि १९९६ मध्ये त्याने नोकरी सोडली. म्हणजे घरबसल्या लिलावाच्या धंद्यावर नोकरी सोडणारा पहिला माणूस तो स्वतःच.

बोली लावायची पद्धत इथे थोडी समजून घ्यावी लागेल. समजा, कुणी एचएमटी जनता घड्याळ लिलावाला ठेवलं. मी मनाशी १८०० रुपयांची हद्द ठरवून तेवढा आकडा टाकतो. दुसऱ्याची हद्द १२००. बोली ५० रुपयांनी चढत असेल तर यंत्र माझ्या वतीने १२५० वर येऊन थांबतं. घड्याळ मला १२५० ला मिळतं, माझे १८०० कुणाला दिसतच नाहीत. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर किंमत ठरवण्याची ही रीत टपाल तिकिटांचे व्यापारी एकोणिसाव्या शतकात पोस्टाने लिलाव करताना वापरत असत, कारण लांबच्या ग्राहकाला हजर राहता येत नसे. १९६१ मध्ये विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने तिचं गणित मांडलं. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांत ते वारले.

कागदावर असा लिलाव शेवटच्या क्षणाची वाट न बघता शांतपणे व्हायला हवा. माणसं तशी वागत नाहीत. शेवटच्या दहा सेकंदांत बोली मारून पळणारे पहिल्यापासून होते, आणि ज्यांची वस्तू अशी हातची गेली ते पहिल्यापासून चिडत आले आहेत.

तरी खरी अडचण बोलीची नव्हतीच. लिलाव संपला, तुम्ही जिंकलात, समोरचा म्हणतो आधी पैसे पाठवा. तो कोण, कुठला, काही माहीत नाही. भांडणाच्या ई-मेल थेट ओमिड्यारकडे यायला लागल्या. फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याने त्यावर तोड काढली: एकमेकांबद्दल सगळ्यांना दिसेल असं लिहा. चांगलं असेल तर अधिक एक, वाईट असेल तर उणे एक. नावापुढच्या कंसात बेरीज दिसत राहील.

घरून विकणाऱ्याला भांडवल मिळालं ते इथे, असं माझं मत आहे. दुकान नाही, पाटी नाही, बापजाद्यांची पेढी नाही, पण नावापुढे ४३२ आहे. आपल्याकडे बाजारात 'पत' म्हणतात ती हीच, फक्त आकड्यात. ती जपण्यासाठी लोक काय काय करत! पुडक्यात आभाराची चिठ्ठी टाकत, दोन रुपयांचा वाद असला तर सोडून देत. दुसरी बाजूही लवकरच दिसली. तू मला उणे दिलंस तर मीही तुला देईन, या धाकाने दोघेही तोंड बंद ठेवू लागले. शेवटी २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांना ग्राहकाबद्दल वाईट शेरा देणं बंद केलं. छोटे विक्रेते खवळले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, पैसे बुडवणारा ग्राहकही असतोच. पण तोवर बाजाराचं पारडं मोठ्या विक्रेत्यांकडे आणि गिऱ्हाइकाकडे झुकलेलं होतं.

मधली चार-पाच वर्षं ही या धंद्याची सोनेरी वर्षं. १९९७ च्या सुमारास अमेरिकेत बीनी बेबी नावाच्या कापडी खेळण्यांचं वेड शिगेला पोचलं. कंपनी एखादा प्राणी बनवणं बंद करी, लगेच त्याचा भाव चढे, आणि त्याची उलाढाल घराघरांतून ईबेवर होई. सप्टेंबर १९९८ मध्ये ईबेचा शेअर १८ डॉलरला बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ४७ वर बंद झाला. जून १९९९ मध्ये संकेतस्थळ सुमारे २२ तास बंद पडलं, तेव्हा कित्येक घरांची त्या दिवसाची कमाई बुडाली. ही हौस राहिली नसून पोटापाण्याचा उद्योग झाला आहे, हे सगळ्यांना उमगलं ते त्या दिवशी. पैशांची देवाणघेवाण तोवर चेक आणि मनीऑर्डरवर चालायची, चेक वटेपर्यंत पुडकं घरात पडून. ते दुखणं पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेने संपवलं, आणि २००२ मध्ये ईबेने पेपालच दीड अब्ज डॉलरना विकत घेतली.

मुंबईत २००० मध्ये दोन लिलाव सुरू झाले. एक बाझी डॉट कॉम, अवनीश बजाज आणि सुवीर सुजान यांची. दुसरा सॅफ्रनआर्ट, मिनल आणि दिनेश वझिरानी यांचा, चित्रांच्या ऑनलाइन लिलावासाठी. शहर एक, वर्ष एक, कल्पना एक, आणि नशीब मात्र दोन दिशांना.

बाझीवर मोबाइल, घड्याळं, पेनड्राइव्ह, नाणी, काहीही विकलं जाई. २००४ मध्ये ईबेने ती सुमारे पाच कोटी डॉलरना घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका विक्रेत्याने तिथे अश्लील चित्रफीत विकायला ठेवली आणि अटक झाली ती कंपनीचे प्रमुख बजाज यांना. बाजार भरवणारा प्रत्येक गाळेवाल्याच्या मालाला जबाबदार का, हा प्रश्न देशात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने विचारला गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ७९ मध्ये मध्यस्थांना अटींसह संरक्षण मिळालं. आज कोणत्याही ऑनलाइन बाजारात घरून माल विकणारा त्या दुरुस्तीच्या सावलीत उभा आहे, त्याला माहीत असो वा नसो.

ईबे इंडियाने आपल्याकडच्या अविश्वासावर 'पैसापे' हे उत्तर चालवलं. ग्राहकाचे पैसे मधल्या खात्यात थांबायचे, माल पोचला की विक्रेत्याला मिळायचे. चांगली सोय होती. पण लिलाव आपल्याकडे रुजलाच नाही. सीलबंद मोबाइलवर बोली कोण लावणार? त्याचा भाव गल्लीतल्या दुकानात विचारता येतो. हे फक्त भारतापुरतं नव्हतं. ईबेने २००० मध्येच 'आत्ताच घ्या' हे बटण आणलं होतं, आणि २०१० येईपर्यंत खुद्द तिच्याकडे ठरल्या किमतीची विक्री लिलावाच्या पुढे गेली. जपानमध्ये याहूने १९९९ पासून जम बसवल्यामुळे ईबे २००२ मध्ये परतली. चीनमध्ये ताओबाओ या तिथल्याच ऑनलाइन बाजाराने विक्रेत्यांकडून फी न घेऊन तिला हटवलं.

२०१७ मध्ये ईबेने फ्लिपकार्टमध्ये ५० कोटी डॉलर घातले आणि भारतातला धंदाही तिच्या हवाली केला. १४ ऑगस्ट २०१८ ला ईबे डॉट इन बंद झालं. त्याबरोबर इथल्या विक्रेत्यांचे वर्षानुवर्षं जमवलेले शेरेही गेले. नावापुढचे ते आकडे दुसऱ्या बाजारात चालत नाहीत. दुकान जळालं तर निदान गावात नाव उरतं.

सॅफ्रनआर्ट अजून चालू आहे. कारण सरळ आहे: एका चित्राची दुसरी प्रत नसते, त्यामुळे भाव विचारायला दुसरं दुकानही नसतं. ज्याची किंमत बोलीनेच ठरते असा माल असेल तर लिलाव टिकतो, मग तो कोटीचा असो की शंभर रुपयांचा.

शंभर रुपयांचा लिलाव आता व्हॉट्सअॅपवर आणि फेसबुकच्या गटांत भरतो. नाणी, नोटा, तिकिटं, काडेपेट्यांचे छाप, एचएमटीची घड्याळं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतल्यापासून त्यांना वेगळीच चमक आली आहे. क्रमांकाच्या शेवटी ७८६ आकडा असलेल्या नोटेला आजही गिऱ्हाईक आहे. याच नादाचा फायदा घेऊन जुन्या नोटा-नाण्यांना लाखो रुपये देतो सांगणारे भामटेही निघाले. ते रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून कमिशन आणि कर मागत, म्हणून २०२१ मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावशेषात मोडू शकतं. आजोबांच्या डब्यात सापडलेली शिवराई परदेशातल्या ग्राहकाला पोस्टाने पाठवायची हौस महागात पडेल, कारण अशा वस्तूंची निर्यात खाजगी माणसाला करता येत नाही, आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. जीएसटीचंही तसंच. ऑनलाइन बाजारातून माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही छोटी असली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालच्या छोट्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात विकायला त्यातून सूट मिळाली. डोंबिवलीच्या माणसाने नाशिकला विकलं तर सूट, बेळगावला विकलं तर नाही.

मी ज्या गटात आहे तिथे लिलाव रात्री दहाला संपतो. सकाळी फोटो पडतो: नाणं पालथं-उताणं, शेजारी मोजपट्टी, खाली वजन, 'सुरुवात ५०, वाढ १०, पोस्टेज वेगळं'. दिवसभर शुकशुकाट. पावणेदहाला आकडे पडायला लागतात, ६०, ७०, ९०, मध्येच कुणीतरी सुप्रभातचा उशिरा आलेला फोटो टाकतो आणि शिव्या खातो. शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली तर वेळ आणखी दोन मिनिटं वाढते, हा नियम ॲडमिनने अनुभवातून केला. पैसे यूपीआयने, पुडकं पूर्वी रजिस्टरने, २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाल्यापासून स्पीडने. नाणं दोन पुठ्ठ्यांच्या मधे, पुठ्ठे लग्नपत्रिकेचे.

गटाच्या माहितीत सगळ्यात वर एक यादी आहे, बोली जिंकून गायब झालेल्यांची. परवा त्यात एक नाव वाढलं. त्या गृहस्थांनी ॲडमिनला फोन करून सांगितलं की आई दवाखान्यात होती, पैसे आज टाकतो, नाव काढा. पैसे आले. नाव काढायचं की नाही यावर रात्री उशिरापर्यंत गटात वाद चालला होता, आणि ॲडमिनने शेवटी नाव ठेवून पुढे कंसात लिहिलं: 'उशिरा दिले'.