खर्जाची तार आणि दहा बाय सोळाचा हॉल

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघर, सीवूड्सच्या नव्या टॉवरमधला टू बीएचकेचा हॉल बहुतेक वेळा दहा बाय सोळाच्या आसपास निघतो. उंची साडेनऊ फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल, पुट्टी मारलेल्या गुळगुळीत भिंती आणि एका बाजूला डेकची सरकती काच. या हॉलसाठी लोक हौसेने दोन-दोन, चार-चार लाखांचे स्पीकर घेतात. घेण्याआधी ते ऐकलेले असतात दुकानाच्या जाड पडद्यांच्या, गालिचा अंथरलेल्या खोलीत. घरी आणल्यावर तोच स्पीकर डग्ग्यावर गदगदतो, गायकाचा गळा जाडा वाटतो, आणि मग आधी केबल बदला, नंतर अ‍ॅम्प्लिफायर बदला असा खर्च सुरू होतो. खरं तर बहुधा स्पीकरची जागाच चुकलेली असते, नाहीतर हॉलच्या मानाने स्पीकर मोठा झालेला असतो. म्हणून दुकानात जाण्याआधी टेप घेऊन हॉल मोजा, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. त्यामागचं विज्ञान समजायला तानपुऱ्याची एक तार पुरते.

गायकाचा सा काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, धरू. म्हणजे जोडाच्या, मधल्या दोन, तारा 138.6 हर्ट्झला (सेकंदाला तेवढी कंपनं) आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69.3 हर्ट्झला. खर्ज छेडला की एकटा 69 हर्ट्झ ऐकू येत नाही. त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर सोबत येतात. पाचव्या पटीला, 346 हर्ट्झच्या आसपास, तो स्वयंभू गांधार उमटतो. त्याच्याही वर काही हजार हर्ट्झपर्यंत जवारीची, म्हणजे तानपुऱ्याच्या त्या झणझणीत गुंजनाची, झळाळी असते. 1921 साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात असताना तानपुरा आणि वीणेवर लेख प्रसिद्ध केला. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, असतो ते उपस्वर उमटू नयेत, असा तारांच्या कंपनाचा नियम आहे. तानपुऱ्यात मात्र तेही ठणठणीत ऐकू येतात, आणि याचं कारण जवारीच्या पसरट, वक्र घोडीत आहे, हे रामन यांनी दाखवलं. स्पीकर तपासायला म्हणूनच मला तानपुऱ्याइतकं चोख साधन दुसरं सापडलेलं नाही. एकाच तारेत तळापासून शिखरापर्यंत सगळं येतं.

तळापासून सुरुवात करू. 28 अंश सेल्सियसला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 348 मीटर जातो. त्याला 69 ने भागलं की खर्जाची तरंगलांबी येते पाच मीटर. आपल्या हॉलची लांबी 4.88 मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्ध्या तरंगलांबीच्या एकपट, दुप्पट, तिप्पट असं अंतर बसलं की जाणारी आणि परतणारी लाट एकमेकींवर चढतात आणि खोली त्या स्वराला घुमू लागते. सोळा फुटांच्या लांबीसाठी हे स्वर येतात 36 आणि 71 हर्ट्झला, दहा फुटांच्या रुंदीसाठी 57 ला आणि साडेनऊ फुटांच्या उंचीसाठी 60 ला. खर्जाचा 69 बरोबर 71 च्या कुशीत जाऊन बसतो. रुंदी आणि उंची जवळपास सारखी असल्याने 57 आणि 60 एकमेकांना चिकटलेत, ते वेगळंच दुखणं. डग्ग्याची घसीट त्या पट्ट्यातून गेली की एकदम फुगते.

हे ऐकून पाहता येतं. स्पीकर आखूड भिंतीशी ठेवा, फोनच्या एखाद्या फुकट अ‍ॅपवरून 71 हर्ट्झचा सलग सूर लावा आणि हॉलच्या लांबीच्या दिशेने सावकाश चालत जा. भिंतीपाशी सूर छातीत जाणवतो. भिंतीपासून चार फुटांवर तो इतका बारीक होतो की स्पीकर बंद पडला की काय असं वाटावं. हॉलच्या मधोमध पुन्हा चढतो, पलीकडच्या भिंतीच्या चार फूट अलीकडे पुन्हा पडतो. स्पीकर तोच, आवाजाचं बटण तिथंच. आणि आपल्याकडे सोफा कुठे असतो? मागच्या भिंतीला टेकून, म्हणजे जिथे खर्ज सर्वांत जास्त सुजतो नेमका तिथे. सोफा दीड-दोन फूट पुढे ओढणं हा बिनपैशाचा उपाय आहे, आणि त्याने जेवढा फरक पडतो तेवढा पन्नास हजारांच्या केबलने पडलेला मी ऐकलेला नाही.

खोलीची ही हुकूमत कुठवर चालते याचा अंदाज जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांच्या सूत्राने काढता येतो. आपल्या हॉलसाठी, त्यात बऱ्यापैकी सामान धरलं तर, उत्तर येतं साधारण 200 हर्ट्झ. त्याच्या खाली स्पीकर कितीही नामांकित असो, शेवटचा शब्द खोलीचा. खर्ज, जोड आणि डग्ग्याचा बराचसा भाग या 200 च्या खालीच आहे.

म्हणूनच दोन-दोन आठ इंची वूफरचे (खालचे स्वर काढणाऱ्या पडद्यांचे), माणसाच्या छातीएवढे टॉवर स्पीकर अशा हॉलमध्ये ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते 36, 57, 60 हर्ट्झमध्ये भरपूर ऊर्जा ओततात, आणि खोली नेमकी तिथंच घुमायला टपलेली असते. त्यात ते भिंतीशी, कोपऱ्यात सरकवले की खालचे स्वर आणखी चढतात, कारण भिंतीकडे गेलेला आवाजही उलटून पुढेच येतो. बीबीसीच्या अभियंत्यांपुढे 1970 च्या दशकात असाच प्रश्न होता, उलट आपल्याहून अवघड. बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीत, जेमतेम खोलीएवढ्याही नसलेल्या जागेत, कानांना भरवसा ठेवता येईल असा स्पीकर हवा होता. त्यातून एलएस3/5ए तयार झाला. उंची 30 सेंटिमीटर, रुंदी 19, वूफर पाच इंची. आजही त्याच्या जोड्या लाखाच्या वर विकल्या जातात, आणि त्यात 69 हर्ट्झचा मूळ खर्ज फारसा निघत नाही. तरी ऐकणाऱ्याला खर्ज हरवला असं वाटत नाही, कारण 138, 208, 277, 346 अशी उपस्वरांची रांग कानावर आली की मेंदू तिच्यातून 69 चा स्वर स्वतः बांधतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवरही काळी एकचा तानपुरा काळी एकचाच वाटतो, तो याच कारणाने. खर्जाचं वजन मात्र छोट्या स्पीकरमध्ये कमी पडतं. ते हवंच असेल तर पाच-साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर स्टँडवर ठेवून जोडीला एक सबवूफर, फक्त खालच्या स्वरांचा वेगळा स्पीकर, घ्यावा. सबवूफर हॉलमध्ये कुठेही सरकवता येतो. त्याला तात्पुरता सोफ्यावर ठेवा, तानपुरा लावा आणि भिंतींच्या कडेने गुडघ्यांवर फिरा. जिथे खर्ज सर्वांत एकसारखा, न फुगलेला ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा.

स्टँड भिंतीपासून किती अंतरावर, यालाही हिशोब आहे. स्पीकरचा पुढचा भाग त्याच्याच पाठीमागच्या भिंतीपासून 63 सेंटिमीटरवर असेल तर भिंतीकडे गेलेली लाट सव्वा मीटरचा फेरा करून परत येते. 138 हर्ट्झची अर्धी तरंगलांबी सव्वा मीटरच. परतलेली लाट मूळ लाटेच्या बरोबर उलट पडते आणि गायकाचा सा, नेमका आधारस्वर, पोकळ होतो. जागा आठ-दहा इंचांनी बदला, सा पुन्हा भरतो. काळी चारच्या गायिकेला हे अंतर वेगळं येईल. एकाच जागी सगळे स्वर सांभाळले जात नाहीत, पण ज्यांचं गाणं आपण रोज ऐकतो त्यांचा सा तरी सांभाळता येतो.

आता 200 च्या वर येऊ. तिथे स्पीकरची खरी परीक्षा असते, आणि ती फक्त समोर बसून होत नाही. 3000 हर्ट्झची तरंगलांबी साडेअकरा सेंटिमीटर. साडेसहा इंची वूफरचा पडदा त्याहून थोडा मोठाच असतो, त्यामुळे तिथवर पोचेपर्यंत वूफरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा अरुंद होत जातो. त्यानंतर काम हाती घेणारा एक इंची ट्वीटर मात्र आवाज चहूकडे पसरतो. ही अदलाबदल नीट सांधली नसेल तर समोर सगळं सरळ ऐकू येतं आणि बाजूला गेलेल्या आवाजाचा रंग बिघडलेला असतो. दहा फुटी हॉलमध्ये बाजूच्या भिंतीवरून उसळलेला आवाज थेट आवाजामागोमाग काही सहस्रांश सेकंदांत कानावर येतो. कान त्या दोघांना वेगळं काढत नाही, एकच आवाज म्हणून ऐकतो. समोरचा गांधार सुरेल आणि भिंतीवरून आलेला कर्कश, तर मिळून जवारी खरखरीत.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. श्रोत्यांना स्पीकर दिसू न देता ऐकवले आणि त्यांच्या पसंतीची मोजमापांशी सांगड घातली. कुठल्या स्वराला किती आवाज निघतो याचा समोरचा आलेख सपाट आणि बाजूंचेही आलेख खाचखळग्यांवाचून हळूहळू उतरणारे, असे स्पीकर लोकांना पुन्हा पुन्हा आवडले. आज अमेरिकेतल्या सीटीए-2034 या प्रमाणकानुसार स्पीकर आडवा आणि उभा दहा-दहा अंशांनी फिरवून 70 मोजमापं घेतात. एवढ्या किमतीचा स्पीकर घेताना हे आलेख मागून पाहावेत. बऱ्याच मॉडेलांचे ते नेटवर सापडतात. पुढे 1994 मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन कंपनीच्या 40 कर्मचाऱ्यांना चार स्पीकर आधी न दाखवता आणि मग दाखवून ऐकवले. न पाहता चांगले गुण मिळवलेला एक छोटा, स्वस्त, प्लास्टिकचा संच डोळ्यांसमोर येताच खाली घसरला. ही माणसं याच व्यवसायातली होती. पियानो पॉलिश आणि किमतीचं लेबल कानांवर एवढं राज्य करतं.

म्हणून तुलना घरी, पडद्याआड करावी. समोर पातळ सुती चादर टांगा आणि स्पीकर बदलायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या. दोन्ही जोड्यांचा आवाज आधी फोनच्या मीटरवर सारखा करून घ्या, कारण अर्धा-एक डेसिबलने मोठा असलेला स्पीकर मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो. मग आधी नुसता तानपुरा, पाच मिनिटं. गांधार सुटा ऐकू येतो का ते पाहा. ऐकता ऐकता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत जा. बाजूला गेल्यावरही तानपुरा तानपुराच राहिला पाहिजे.

हॉलच्या टाइलकडेही पाहावं लागेल. हार्वर्डचे वॉलेस सॅबाइन यांनी 1895 च्या सुमारास व्याख्यानगृहात खुर्च्यांवरच्या गाद्या आत-बाहेर नेऊन निनादाचं, म्हणजे आवाज खोलीत किती वेळ घुमत राहतो याचं, सूत्र शोधलं. ते आपल्या रिकाम्या हॉलला लावलं आणि भिंती, छत, टाइल मिळून सरासरी पाच टक्के ध्वनी शोषतात असं धरलं, तर निनाद येतो सुमारे 1.8 सेकंद. तबल्याचे सेकंदाला दहा-बारा बोल पडत असताना हा निनाद त्यांचा चिखल करतो. कापडी सोफा, जाड गालिचा, चुण्या घातलेले वजनदार पडदे आणि पुस्तकांनी भरलेली मांडणी यांनी शोषण वीस टक्क्यांवर गेलं की निनाद अर्ध्या सेकंदाखाली येतो. झिरझिरीत पडद्यांचा काही उपयोग नाही. आणि गालिचा 71 हर्ट्झला हातही लावत नाही, तो फक्त वरचे स्वर आवरतो.

अ‍ॅम्प्लिफायरबद्दल थोडक्यात. स्पीकरची संवेदनशीलता 2.83 व्होल्टला एक मीटरवर किती डेसिबल अशी लिहिलेली असते. 86 ऐवजी 83 चा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात. एवढ्या हॉलला, साध्या 86-87 डेसिबलच्या स्पीकरला, 50 ते 100 प्रामाणिक वॅट पुरून उरतात. केबलचं म्हणाल तर घराच्या वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाच मीटर नेली तर जाऊन-येऊन रोध भरतो 0.08 ओहमच्या आसपास, आठ ओहमच्या स्पीकरच्या एक टक्का. त्याहून महाग केबल घेण्याचं कारण मला दिसत नाही.

रात्री दहानंतर नियमानेही आवाज उतरवावा लागतो, निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. वरच्या मजल्याला आपला गायक ऐकू जात नाही, डग्गा जातो. स्लॅबमधून खालचे स्वरच आरपार होतात. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजलं होतं. त्यामुळे रात्री खर्ज कमी वाटला तर स्पीकरला दोष देऊ नका, आणि सबवूफर वाढवून शेजाऱ्यांना जागवूही नका.

शेवटचा मुद्दा खास आपल्या हवेचा. वूफरच्या पडद्याभोवतीची लवचीक रिंग काही स्पीकरमध्ये फोमची असते, काहींत रबराची. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत पाण्याच्या वाफेनेच हळूहळू कुजतो, आणि ठाण्याच्या खाडीकाठी दमटपणा जूनपासून पुढे महिनोन्महिने हटत नाही. नवा घ्या किंवा जुना, रबराची रिंग पाहून घ्या. सेकंडहँड जोडी बघायला गेलात तर पुढची जाळी काढायला सांगा आणि रिंगवर बोट अलगद टेकवा. बोटाला चिकट लागलं किंवा काळा भुगा आला, तर रिंगा बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मगच सौदा करा. खोक्याची खालची कडही चाचपून पाहा, एमडीएफने, म्हणजे लाकडी भुसा दाबून केलेल्या फळीने, पाणी ओढलं असेल तर ती फुगलेली असते आणि तिला दुरुस्ती नाही.