अ‍ॅम्प बदलण्याआधी खोली मोजा

सांगलीच्या गावभागातला वाडा सोडून मामा विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. सामानाबरोबर त्यांचा, आवाजाचा सिग्नल वाढवून स्पीकरला देणारा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि जमिनीवर उभे राहणारे दोन स्पीकरही गेले. वाड्यात ज्या जोडीवर आम्ही रात्ररात्र गाणं ऐकलं, तीच जोडी नव्या हॉलमध्ये बिघडल्यासारखी वाजू लागली. काळी एक पट्टीच्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा घुमायचा आणि गायकाच्या तोंडचा प्रत्येक ‘स’ कानाला टोचायचा. अ‍ॅम्प म्हातारा झाला, असं मामांनी ठरवून टाकलं. एका विक्रेत्याकडून दीड लाखाचा नवा अ‍ॅम्प त्यांनी आठवडाभर वापरून बघायला आणला आणि मला फोन केला, “तू फिजिक्स शिकवतोस ना? मग ये आणि सांग, घेऊ का नको.”

खरं सांगायचं तर पहिल्या पाच मिनिटांत मलाही नवा अ‍ॅम्प उजवा वाटला. आवाज भरीव होता, तबल्याचे बोल सुटे सुटे येत होते. पण दोन्ही यंत्रांची बटणं एकाच खुणेवर ठेवली म्हणजे दोघांचा आवाज सारखा झाला, असं होत नाही. आवाजात अगदी थोडा फरक असला तर कानाला तो ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘चांगला’ म्हणून कळतो. त्यामुळे तुलनेची पहिली पायरी म्हणजे दोन्ही आवाज मोजून सारखे करणं. त्याला महागडं उपकरण लागत नाही. फोनवरून सेकंदाला शंभर कंपनांचा, म्हणजे १०० हर्ट्‌झचा अखंड सूर लावला आणि स्पीकरच्या मागच्या टोकांना साधा मल्टिमीटर जोडला. जुना अ‍ॅम्प २.०० व्होल्ट दाखवत होता, नवा २.२५. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप, त्यात नवा एक डेसिबलने पुढे होता. एवढ्या फरकावर माणसं लाखाचा निर्णय घेतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

व्होल्टेज जुळवलं आणि दोन्ही अ‍ॅम्प एका स्विचपेटीतून स्पीकरला जोडले. पेटी सोफ्याच्या मागे ठेवली. मामी नाणं उडवायच्या, छापा आला तर जुना, काटा आला तर नवा, आणि मामांनी नुसतं ऐकून सांगायचं. असं सोळा वेळा केलं. मामांची नऊ उत्तरं बरोबर आली. निव्वळ अंदाजाने आठ बरोबर येतात. सोळापैकी निदान बारा बरोबर आली असती, तर फरक खरोखर ऐकू येतो म्हणायला आधार मिळाला असता, कारण नुसत्या नशिबाने बारा किंवा जास्त येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. मामा गप्प झाले. मग म्हणाले, “पण मघाशी फरक होता.” फरक होताच, तो एक डेसिबलचा होता.

अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांच्या इतके जवळ कसे आले, याची गोष्ट १९२७ सालची आहे. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीज या संशोधन संस्थेतले हॅरॉल्ड ब्लॅक २ ऑगस्टच्या सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीतून कामावर निघाले होते. दूर पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर एकामागून एक अ‍ॅम्प्लिफायर लावावे लागत आणि प्रत्येकजण आवाजात आपली थोडी भेसळ मिसळत असे. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा एक भाग उलटा करून आत परत आणला, तर यंत्राची चूक यंत्राकडूनच कापली जाते, हे त्यांना बोटीत सुचलं आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी ते मांडलं. ऋण प्रत्याभरण म्हणतात ते हेच. आजच्या साध्या पण नीट बांधलेल्या अ‍ॅम्पमध्ये ही भेसळ ०.०१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते.

स्पीकरचं तसं नाही. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला चिकटवलेला शंकू, ही रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली आणि बहुतेक घरांतले स्पीकर आजही तेच आहेत. शंकू प्रत्यक्ष पुढेमागे हलतो, वाकतो, थरथरतो. मोठ्या आवाजात खालच्या सुरांना त्याची भेसळ सहज एक टक्क्यावर जाते, म्हणजे अ‍ॅम्पच्या शंभरपट. शिवाय एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा स्पीकर मिळालेल्या विजेतला हजारातला तीन भागच आवाज करून बाहेर देतो, बाकीची वीज उष्णता होऊन जाते. सगळ्या साखळीतला कच्चा दुवा हा आहे, आणि पैसे खर्चायचेच असतील तर इथे खर्चावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

वॅटच्या आकड्यांबद्दलही थोडं सांगतो. पन्नासचा अ‍ॅम्प काढून शंभरचा आणला तर आवाज दुप्पट होत नाही, तीन डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. मामांचे ८७ डेसिबलचे स्पीकर एका वॅटला तीन मीटरवर ८० डेसिबलच्या आसपास आवाज देतात. घरच्या बोलण्याचा आवाज साठाच्या आसपास असतो, त्यापुढे हे पुष्कळ झालं. उरलेले वॅट लागतात ते तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीला. अर्थात अ‍ॅम्प बदलायची खरी कारणंही असतात. स्पीकर ८३ डेसिबलचा असेल, त्याचा विजेला होणारा रोध काही सुरांना तीन ओहमपर्यंत खाली येत असेल, हॉल मोठा असेल, तर दुबळा अ‍ॅम्प धापा टाकतो आणि तारसप्तकात आवाज फाटतो. व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे, बरेच अ‍ॅम्प स्पीकरच्या रोधाप्रमाणे आपला रंग बदलतात, तो फरक मोजताही येतो आणि ऐकूही येतो. मामांच्या बाबतीत यातलं एकही कारण नव्हतं.

मग खर्ज का घुमत होता?

टेप काढून हॉल मोजला. लांबी साडेसोळा फूट, म्हणजे पाच मीटर. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्‌झचा. आपल्याकडच्या उकाड्यात आवाज सेकंदाला जवळजवळ ३४९ मीटर जातो, त्याला ६९ ने भागलं की लहरीची लांबी येते पाच मीटर. हॉलमध्ये खर्जाची एक अख्खी लहर अगदी मापात बसत होती! अशी लहर दोन भिंतींमध्ये जाऊन येऊन स्वतःवरच चढते आणि जागच्या जागी उभी राहते. भिंतींपाशी तिचा दाब सगळ्यात जास्त असतो, तसाच हॉलच्या बरोबर मध्यावर. आणि भिंतीपासून पाव लांबीवर, म्हणजे चारएक फुटांवर, तो जवळजवळ शून्य होतो. मामांचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता. मी ६९ हर्ट्‌झचा सूर लावला आणि मामांना सोफ्यावरून उठून हळूहळू पुढे यायला सांगितलं. चार फुटांवर ते थबकले. “बंद केलास का?” बंद केला नव्हता. एक पाऊल मागे गेले आणि सूर परत आला.

हा क्षण प्रत्येकाने एकदा आपल्या घरात अनुभवावा. कितीही महाग यंत्र आणा, लहर तिथेच उभी राहणार, कारण ती यंत्रात नाही, भिंतींमध्ये आहे. आम्ही सोफा अडीच फूट पुढे ओढला. गणिताने तिथे त्या सुराचा दाब भिंतीपेक्षा साडेचार डेसिबलने उतरतो. खर्ज राहिला, घुमणं गेलं.

टोचणाऱ्या ‘स’चं कारण वेगळं, पण तेही खोलीतच. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द विरायला साडेपाच सेकंद लागत आणि वक्त्याचं काहीच कळत नसे. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, असं त्यांनी चालवलं. त्यातून निघालेला नियम सोपा आहे. खोली जेवढी मोठी तेवढा आवाज रेंगाळतो, आणि आत शोषणाऱ्या वस्तू जेवढ्या जास्त तेवढा लवकर विरतो. वाड्याला माळवद होतं, जाड मातीच्या भिंती होत्या, कोपऱ्यात वाकळांची चळत असायची आणि दार चौकात उघडं. फ्लॅटला गुळगुळीत गिलावा, चकचकीत टाइल्स आणि समोर भलीमोठी काचेची सरकती खिडकी. मामींनी माळ्यावरची दोन जाड घोंगडी काढून दिली. एक स्पीकरसमोरच्या फरशीवर अंथरलं, दुसरं भिंतीपासून थोडं सोडून टांगलं. ‘स’ मऊ झाला.

घोंगड्याने खर्ज मात्र जात नाही. लोकरीच्या धाग्यांत हवेची हालचाल अडखळते आणि आवाजाची उष्णता होते, पण भिंतीलगत हवा हलतच नाही. ती सगळ्यात जोरात हलते भिंतीपासून पाव लहरीवर. चार हजार हर्ट्‌झला ते अंतर दोन सेंटिमीटर आहे, खर्जाला सव्वा मीटर. सव्वा मीटर जाडीचं घोंगडं कोण विणणार? घुमणं थांबवायला अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं.

मामा आता स्पीकर बदलायचं म्हणतात, आणि ते मला पटतं. त्यांची एक समजूत मात्र काढावी लागली. मिरज इथून हाकेच्या अंतरावर, तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत मामांची ऊठबस. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला होता! त्यामुळे त्यांना वाटे की स्पीकरची पेटीही भोपळ्यासारखी नादमय हवी. हे बरोबर उलटं आहे. तानपुऱ्याचा भोपळा आणि तबली सुराला स्वतःचा नाद देतात, त्यासाठीच कारागीर त्यांच्यावर मेहनत घेतो. रेकॉर्डिंगमध्ये तो नाद आधीच आलेला असतो. स्पीकरच्या पेटीने त्यात आपला मिसळला तर मिरजेच्या कारागिराची मेहनत पुसली जाते. म्हणून पेटीवर बोटाची पेरं वाजवून बघावीत, ठक असा बसका आवाज आला तर बरं, टणक आणि लांबणारा आला तर नको. एक पेटी मुकी असावी म्हणून दुसरीचं गाणं ऐकू येतं, हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर सत्य वाटतं.

स्पीकर पारखायला तानपुराच न्यावा, म्हणजे त्याचं चांगलं रेकॉर्डिंग. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी उघडली की एका तारेतून स्वरांची अख्खी मालिका फुलते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं होतं. तार ज्या बिंदूपाशी छेडली, तिथे ज्यांची गाठ, म्हणजे न हलणारा बिंदू, येते ते उपस्वर नियमाने उमटायला नकोत, पण तानपुऱ्यात तेही ऐकू येतात, कारण घोडीच्या वळणदार पाठीवर तार टेकते आणि सुटते. खर्जापासून कित्येक हजार हर्ट्‌झपर्यंत सलग चढणारी ही शिडी स्पीकरची चांगली परीक्षा घेते. खालचे सूर वाजवणारा वूफर आणि वरचे वाजवणारा ट्वीटर यांची हद्द साधारण दोन-तीन हजार हर्ट्‌झपाशी असते, तिथे जोड कच्चा असेल तर जवारीची झिलई मध्येच फिकी पडते. आणि बाजूला सरकूनही ऐकावं. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून केलेल्या चाचण्यांत दिसलं की नाव आणि किंमत झाकली की ऐकणाऱ्यांची मतं बरीच जुळतात, आणि समोरून सपाट व बाजूलाही एकसारखा वाजणारा स्पीकर त्यांना आवडतो. बाजूचा आवाजच भिंतींवरून फिरून आपल्यापर्यंत पोहोचत असतो.

अ‍ॅम्प सोमवारी परत गेला. सोफा अजून अडीच फूट पुढेच आहे, त्याच्या मागच्या जागेत मामींनी पुस्तकांचं कपाट लावलंय. डावा स्पीकर कोपऱ्याला फार चिकटलाय, त्या बाजूचा खालचा आवाज अजून जड येतो, पण तो सरकवायचा तर देवघराचं दार उघडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत टेप घेऊन पुन्हा बसायचं ठरलंय.