कळसूबाईला ‘गड’ म्हणू नका

घोडबंदरच्या आमच्या सोसायटीत पावसाळा लागला की ग्रुपवर पोस्टर येतं : ‘चला, महाराष्ट्रातल्या सर्वात उंच गडावर! कळसूबाई!’ मी दरवर्षी चूक दाखवतो. त्यावर दोन अंगठे येतात आणि पुढच्या जूनमध्ये तेच पोस्टर.

कळसूबाई सगळ्यांना माहीत आहे. 1646 मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर, पायथ्याला बारी गाव, कड्यांवर लोखंडी शिड्या, माथ्यावर देवीचं इवलंसं देऊळ. ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल धरली, पुढे जीप केली, की रात्रीच्या जेवणाला घरी. (‘सह्याद्रीतलं सर्वोच्च’ मात्र म्हणू नका. तो मान केरळच्या अनाईमुडीचा, 2695 मीटर.)

राज्यातला सर्वात उंच किल्ला साल्हेर. 1567 मीटर, नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात, गुजरातच्या डांगाला लागून. तिथे लोकल कामाची नाही.

“79 मीटरचाच तर फरक, त्यात काय एवढं?” हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. फरक मीटरचा नाहीच. शिखर आयतं मिळतं, किल्ला करावा लागतो. शिबंदीला, म्हणजे किल्ल्यावरच्या फौजेला, राहायला सपाटी हवी, वर्षभर पुरेल एवढं पाणी हवं, धान्य ठेवायला कोठार हवं, शत्रूला अडवायला दरवाजा आणि तट हवा. कळसूबाईच्या माथ्यावर देवळाभोवती जेमतेम जागा आहे. रविवारी तिथे उभं राहायची मारामार, तिथे शिबंदी काय राहणार? तट नाही, बुरूज नाही, दरवाजा नाही. आणि शिड्या म्हणजे किल्ल्याचे अवशेष नव्हेत, हेही मला एकाला समजावावं लागलंय!

साल्हेरवर एकामागून एक दरवाजे लागतात. वरच्या सपाटीवर गंगासागर तलाव आहे, कातळात कोरलेल्या गुहा आहेत, सर्वात वर परशुरामाचं मंदिर. 1672 साली याच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी उघड्या मैदानात मोगलांचा पराभव केला. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत साल्हेर आहे. कळसूबाई नाही, आणि त्यात तिच्यावर अन्याय वगैरे काही झालेला नाही.

गंमत म्हणजे कळसूबाईवर उभं राहिलं की समोर अलंग, मदन, कुलंग हे खरे किल्ले दिसतात. लोक त्यांच्याकडे पाठ करून ‘गड सर केला’ म्हणून सेल्फी काढतात.

आईवडिलांना राज्याचा माथा दाखवायचा असेल आणि गुडघे शाबूत असतील, तर कळसूबाईच. पण दसऱ्यानंतर, आडवारी. पावसाळ्यातल्या रविवारी शिड्यांपाशी लागणारी रांग बघितली की आपलं ठाणे स्टेशन बरं वाटतं. साल्हेरला मात्र एका दिवसात शिवून यायची घाई करू नका. आदल्या रात्री पायथ्याच्या गावात मुक्काम करा आणि उजाडताना चढायला लागा.