तासांच्या हिशेबापलीकडे : किशोरवयीन मुलं आणि ऑनलाइन गेमिंगची पार्श्वभूमी

मुलगा शाळेला जात नाही, रात्रभर मोबाइलवर गेम खेळत जागतो, फोन काढून घेतला तर अंगावर धावून येतो, अशी तक्रार घेऊन पुण्यातले आईवडील समुपदेशकांकडे येतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : रोज किती तास चालेल? या प्रश्नावर जगभरात तीसेक वर्षं वाद चालला आहे, आणि त्याचं उत्तर तासांत सापडलेलं नाही.

मुलांच्या खेळाची धास्ती त्याहून जुनी आहे. 'स्पेस इन्व्हेडर्स'सारख्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर नियंत्रण आणावं, असा प्रस्ताव ब्रिटनच्या संसदेत १९८१ मध्येच आला होता आणि थोडक्या मतांनी फेटाळला गेला. आपल्याकडे आधी गल्लीतली व्हिडिओ गेम पार्लरं आली, मग सायबर कॅफे. कॉलेजची पोरं तिथे टोळक्याने 'काउंटर-स्ट्राइक' खेळायची. तेव्हाही अभ्यास बुडायचा आणि घरी बोलणी बसायची. पण ताशी पैसे मोजावे लागत, ते संपत. मालक रात्री शटर ओढायचा. खेळ थांबवणारं काहीतरी मुलाच्या बाहेर होतं. पुढे जे घडलं ते समजून घेताना हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

वैद्यकशास्त्र या विषयाकडे चाचपडत आलं. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी १९९५ मध्ये 'इंटरनेटच्या व्यसना'ची लक्षणं लिहिली ती चक्क थट्टा म्हणून. पुढच्याच वर्षी किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञांनी तोच विषय गांभीर्याने मांडला. २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या 'डीएसएम-५' या ग्रंथात 'इंटरनेट गेमिंग डिसऑर्डर'ला जागा मिळाली, मात्र आणखी अभ्यास हवा अशा यादीत. मग जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घेतला. मे २०१९ मध्ये त्यावर मोहोर उमटली आणि १ जानेवारी २०२२ पासून तो अमलात आला.

त्यातले निकष पालकांनी मुळातून समजून घ्यावेत असे आहेत. खेळण्यावर ताबा न राहणं. जेवण, झोप, अभ्यास, मित्र या सगळ्याच्या वर खेळ जाऊन बसणं. आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणं. हे साधारण वर्षभर टिकलेलं असावं लागतं आणि त्याने रोजचं जगणं ठळकपणे कोलमडलेलं असावं लागतं. तासांचा आकडा त्यात कुठेही नाही. तरीही या निर्णयाला संशोधकांच्या एका गटाने जाहीर विरोध केला होता. मनापासून खेळणाऱ्या निरोगी मुलांवर आजाराचा शिक्का बसेल, ही त्यांची भीती रास्तच होती. जगभरातल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गेमिंग डिसऑर्डरचं प्रमाण सुमारे ३ टक्के आलं, आणि काटेकोर नमुना निवडलेल्या पाहण्यांपुरतं ते २ टक्क्यांच्या आसपास उतरलं. म्हणजे खेळणारी बहुतेक मुलं आजारी नसतात.

मग आपल्याकडे काळजी एवढी का वाढली? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये 'पबजी मोबाइल' हा लढाईचा ऑनलाइन गेम आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि फोन हीच शाळा झाली. शहरातले आठवी ते बारावीचे वर्ग ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडेपर्यंत 'फोन ठेव' म्हणण्याची सोयच घरात उरली नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली, पण ती देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून. मुलं दुसऱ्या गेमकडे वळली, आणि २०२१ मध्ये तोच खेळ 'बीजीएमआय' नावाने परत आला.

धंद्याची रीतही बदलली होती. गेम फुकट, कमाई स्किन (पात्रांचे विकतचे पोशाख), पास (जादा बक्षिसांसाठी विकत घ्यायचा परवाना) आणि ठराविक काळाच्या 'सीझन'मधून. रोज हजेरी लावली तर बक्षीस, चुकली तर मागे पडणार. स्क्वॉडमध्ये, म्हणजे मित्रांच्या संघात, खेळताना मॅच मध्येच थांबवता येत नाही, उठलं तर मित्र हरतात. 'ताट वाढलंय, ये' आणि 'पाचच मिनिटं' यातलं रोजचं भांडण अनेकदा इथे सुरू होतं. त्या क्षणी मुलगा उद्धटच असतो असं नाही. शब्द पाळण्याच्या ओढाताणीत सापडलेला असतो.

मनाच्या आजारांशी याचं नातं दुहेरी आहे. सिंगापूरमध्ये तीन हजारांवर मुलांना दोन वर्षं पाहिलेल्या, २०११ च्या अभ्यासात उतावळी आणि लोकांत मिसळायला अवघडणारी मुलं गेममध्ये जास्त अडकलेली दिसली, आणि अडकल्यावर त्यांच्यात नैराश्य, चिंता वाढली, गुण घसरले. म्हणून एखाद्या मुलाच्या मृत्यूचं खापर लगेच एका गेमवर फोडणं धोक्याचं आहे. २०१७ मध्ये मुलांना आत्महत्येकडे ढकलतो असं म्हटल्या गेलेल्या 'ब्लू व्हेल' या ऑनलाइन खेळाची दहशत पसरली, पण केंद्राच्या तपासात कोणत्याही मृत्यूशी त्याचा संबंध सिद्ध झाला नाही. जुलै २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या एका शाळकरी मुलाच्या आत्महत्येनंतरही बातम्या गेमभोवतीच फिरल्या. त्या मुलाच्या मनात काय चाललं होतं, याची विचारपूस मागेच पडली.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले. घरं उद्ध्वस्त करणारा तो प्रकार थांबणं गरजेचंच होतं. पण नववी-दहावीतली मुलं ज्यात गुंततात ते फुकट गेम या बंदीबाहेर आहेत.

उपचारांची वाट मात्र पुण्याला अनोळखी नाही. गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यात तरुण सापडत होते, तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसन हा आजार आहे आणि घरच्यांनाही आधार लागतो, हे त्यांनी तेव्हापासून मांडलं. आता मोबाइलने त्रासलेली कुटुंबंही तिथे येतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत यासाठीचं 'शट क्लिनिक' २०१४ पासून चालू आहे. अशा उपचारांत फोन हिसकावण्याला फारसं स्थान नसतं. झोप रुळावर आणणं, खेळाचे तास मुलाशी ठरवून कमी करणं, आणि दबलेली चिंता किंवा शाळेत होणारा छळ शोधणं, असं काम चालतं. आईवडिलांनाही सोबत बसवलं जातं. लगेच कुठे जाणं शक्य नसेल, तर सरकारच्या 'टेली-मानस' हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास मोफत आणि मराठीत बोलता येतं. मुलालाही आणि पालकांनाही.