डिस्लेक्सियाचा दोष डोळ्यांवर का गेला?

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी आणि नजर चांगली असूनही वाचन अवघड जाणं. अशी मुलं आधी नेत्रतज्ज्ञांच्या नजरेला पडली, म्हणून संशयही आधी डोळ्यांवरच आला. 'डिस्लेक्सिया' हे नाव १८८७ मध्ये श्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी दिलं, तेही मेंदूच्या आजाराने वाचन गमावलेल्या प्रौढ रुग्णांवरून. १८९६ साली इंग्लंडमधल्या सीफर्डचे डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी या चौदा वर्षांच्या मुलाची नोंद छापली. नजर चांगली, गणितात हुशार, पण स्वतःचं नाव 'प्रेसी' लिहायचा. मॉर्गन यांनी याला 'जन्मजात शब्दांधत्व' म्हटलं. १९२५ मध्ये अमेरिकेत डॉ. सॅम्युएल ऑर्टन यांनी उलट्या अक्षरांवर भर दिला आणि 'यांना अक्षरं उलटी दिसतात' हा समज पक्का झाला.

त्याला धक्का बसला १९७०च्या दशकात. मानसशास्त्रज्ञ फ्रँक व्हेलुटिनो यांनी मुलांना हिब्रू शब्द थोडा वेळ दाखवून आठवणीने लिहायला सांगितले. हिब्रू न येणाऱ्या मुलांत डिस्लेक्सिया असलेली आणि नसलेली सारखीच ठरली. म्हणजे आकार दिसतो, लक्षातही राहतो. अडतं ते आकाराला ध्वनी जोडताना.

तरी प्रश्न मिटला नाही. १९९१ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या पाच जणांच्या, मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत हालचाल टिपणाऱ्या मार्गातल्या पेशी लहान आढळल्या. १९९६ मध्ये मेंदूसंशोधक गिनिव्हर ईडन यांना डिस्लेक्सिया असलेल्या प्रौढांमध्ये हलते ठिपके पाहताना मेंदूचा 'व्ही-५' हा हालचाल ओळखणारा भाग निष्क्रिय दिसला. पण हे कारण की परिणाम? २०१३ मध्ये ईडन यांच्याच गटाने डिस्लेक्सिया असलेल्या मुलांची तुलना तेवढंच वाचता येणाऱ्या, वयाने लहान मुलांशी केली. फरक नाहीसा झाला. ध्वनींवर आधारित वाचन शिकवल्यावर तर 'व्ही-५'ची सक्रियता वाढली! वाचन कमी घडलं म्हणून तो भाग मागे पडला होता.

म्हणूनच रंगीत चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांवर पालकांनी पैसे आणि वर्षं घालवू नयेत. अमेरिकेतल्या बालरोग व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये हेच सांगितलं. नंबर, तिरळेपणा यांची तपासणी मात्र कुठल्याही मुलासारखी व्हायलाच हवी.

छपाईतल्या बदलाचा मात्र उपयोग होतो. २०१२ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या इटालियन व फ्रेंच मुलांना १४ पॉइंटच्या (पॉइंट हे छपाईतल्या अक्षरांचं माप) मजकुरात अक्षरांमधलं अंतर २.५ पॉइंटने वाढवून दिलं. चुका कमी झाल्या, वेग वाढला. पण हे मोजमाप रोमन लिपीचं. देवनागरीत अक्षरं फाकवली की शिरोरेषा तुटते, म्हणून शब्दांमधली आणि ओळींमधली जागा वाढवावी.